पसाभर कोंडा

दुपारी तीननंतर मुकुंदवाडी स्टेशनमागच्या त्या हॉलमध्ये कुणी थांबत नसे. सराव सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात वॉचमन पुंडलिकमामासुद्धा खुर्ची उचलून गेटबाहेरच्या लिंबाखाली नेऊन ठेवी. विचारलं तर म्हणे, "आत लई उकडतं." आत उकडत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि वरच्या ऑफिसात बसणाऱ्या प्रेरणालाही.

प्रेरणा सातमाळा संघाची मॅनेजर. बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला संघाचा हा दुसरा मोसम. कुणाला घ्यायचं आणि कुणाला किती पगार लावायचा, हे शेवटी तिच्या सहीनं ठरे. नियम सरळ होता. बारा खेळाडू, आणि सगळ्यांचे पगार मिळून एक कोटी वीस लाखांच्या आत. दहा जणांचे करार झाले होते. उरल्या दोन जागा आणि चोवीस लाख. यादी आज पाचच्या आत पाठवायची होती.

"मॅडम, तीन दिवस तुम्ही तोच आकडा लिहिताय," समोर बसलेला कोच अतुल म्हणाला. "कडूबाला सहा लाख. अहो, सहा म्हणजे नियमानं द्यावाच लागतो तेवढा. बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्याला देतो आपण सहा!"

"दुसऱ्या जागेला हवा तो लुधियानाचा शूटर अठराच्या खाली उतरत नाही."

"मग राहू द्या त्याला लुधियानात. अठरा कडूबाला द्या, सहात इथलाच एखादा राखीव घेऊ. पुणेवाले कडूबाला वीस द्यायला टपून बसलेत. पोरगं केवळ आपल्या भावाच्या संघात खेळायचं म्हणून थांबलंय. का नाही म्हणता, ते एकदा कागदावर दाखवा मला."

कागदावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. उंची, उडी, नेम, सगळं उजवं. हृदयाच्या तपासण्या प्रेरणानं दोनदा करून घेतल्या होत्या, दोन वेगळ्या डॉक्टरांकडून. दोन्ही रिपोर्ट साफ.

खालून आवाज आला. टप्. टप्. टप्. मग काही नाही.

अतुलनं मान वर केली नाही. "पत्रा तापतो," तो पुटपुटला.

पत्रा रोज मोजून तीनदाच कसा तापतो, हे प्रेरणानं विचारलं नाही.

कडूबाचा थोरला भाऊ सांडू फ्री थ्रो घ्यायच्या आधी चेंडू तीनदा आपटायचा, एक श्वास घ्यायचा आणि मग टाकायचा. गेल्या मोसमातल्या दुसऱ्याच सामन्यात, याच हॉलमध्ये, त्यानं तीनदा चेंडू आपटला आणि तो खाली बसला, नुसता बसला, थकलेल्या माणसासारखा. परत उठला नाही. चेंडू घरंगळत प्रेरणाच्या पायाशी येऊन थांबला. हृदयाचा दोष जन्मापासूनचा होता, साध्या तपासणीत दिसण्यातला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटे.

कारण तिला एक गोष्ट डाचत होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती.

सांडूची आई चंपाबाई. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, सुइणीनं उचललं आणि चंपाबाईनं तिच्याकडून पसाभर कोंड्यावर विकत घेतलं. असा सांडलेला, कोंड्याच्या मोलाचा जीव कोण कशाला न्यायला येईल? म्हणून तो सांडू. पाठचाही असाच सुपातून घेतलेला. तो कडूबा, म्हणजे तोंडात घातला तरी थुंकून टाकावा असा. आणि या मुलांना ज्याच्या हवाली करायचं, त्यानं आधी चंपाबाईच्या पदरात पसाभर कोंडा घालायचा, ही तिची रीत. कन्नडच्या वसतिगृहातल्या सरांनीसुद्धा घातला होता.

गेल्या वर्षी कराराच्या दिवशी ती कोंड्याची पुरचुंडी स्वतःच घेऊन आली होती. शहरातल्या बाईला कुठं सापडायचा, म्हणून. प्रेरणाच्या हातात देऊन म्हणाली, "माझ्या पदरात घाला, बाई." आजूबाजूला फोटोवाले होते. प्रेरणा हसली. "आई, अहो वीस लाखांचा झालाय तुमचा मुलगा! संघातला सगळ्यात महाग. आता कोंडा कसला?" सगळेच हसले. पुरचुंडी टेबलाच्या खणात गेली आणि तिथंच राहिली.

वीस लाख, असं तिनं मोठ्यानं सांगितलं होतं. अगदी खणखणीत.

"मॅडम!" खालून पुंडलिकमामाची हाक आली. "सोयगावच्या आई आल्यात!"

जिन्यावर पावलं वाजली. चंपाबाई आत आली आणि मागं वळून म्हणाली, "वाक रे. सायबाचं दार तुझ्या मापाचं नाय." कडूबा वाकून आत आला. चेहरा वेगळा होता, पण उभं राहणं तेच, एका पायावर भार टाकून. प्रेरणानं नजर काढून घेतली.

"चहा घ्या, आई."

"शनिवार हाय माझा. पाणी चालंल." तिनं तांब्या उंच धरून वरून धार तोंडात सोडली, घटाघटा प्याली. "तर? काय ठरलं याचं?"

प्रेरणानं ओठ ओले केले. मनातलं ओझं उतरवावं तशी ती म्हणाली, "मी कमीच लावलेत, आई. सहा लाख. सगळ्यात कमी."

"का? पोरगं लंगडं खेळतंय का?"

"नाही, नाही. तुमचंच म्हणणं ना, की याची किंमत मोठी होऊ नये..."

चंपाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "मी कवा म्हणले असं? बाई, घामाचा पैसा येगळा आन् जिवाचा भाव येगळा. घामाचं पुरं द्या, नायतर मी याला उद्याच पुण्याच्या गाडीत बसवते. माझं मागणं येवढुसं होतं." तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. "येवढुसं."

"आई, सोड ना," कडूबा लाजून म्हणाला.

"तू गप. सुपात निजला व्हतास तवा, तुला काय ठावं."

अतुलला यातलं काही कळत नव्हतं. प्रेरणानं खण ओढला. पुरचुंडी होती तशीच होती. कोंड्याला वर्षात कीड लागते, जाळी धरते. हा कालच चाळल्यासारखा सुटा होता. तिनं गाठ सोडली.

"हा घेऊ? कडूबासाठी?"

"हा नाय. हा सांडूचा." चंपाबाईचा आवाज एकदम खाली आला. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाय, बाई. दर्भाचा करून लावला. समदे म्हणले, कायतरी राहिलंय त्याचं. मला ठावं व्हतं काय राहिलंय ते. मी त्याला सोडला, पर तुमी घेतलाच नाय. मग त्यानं कुठं जायाचं?"

तिनं पदर पसरला. "आधी त्याचा घाला."

प्रेरणा उठली. टेबलाला वळसा घालून तिच्यापुढं उभी राहिली. "काय म्हणायचं असतं?"

"घेतला म्हणायचं. कोंड्यावर घेतला. मोठ्यानं नगं, त्याला ऐकू जाईल येवढंच."

कोंड्याला वजन असं नसतंच. तरी तिनं दोन्ही हातांची ओंजळ सांभाळून भरली. "घेतला," ती म्हणाली. "कोंड्यावर घेतला." आणि ओंजळ पदरात सोडली.

खाली टप्. टप्. टप्. मग एका श्वासाएवढी शांतता. आणि मग वर्षात पहिल्यांदाच बास्केटची जाळी सळसळली.

अतुल खुर्चीतून उभा राहिला. मैदानाकडच्या खिडकीशी जाऊन कडूबानं वाकून पाहिलं. "खाली कोण खेळतंय?" त्यानं विचारलं. बाहेर लिंबाखाली पुंडलिकमामा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता.

चंपाबाईनं पदराला गाठ मारली. डोळे कोरडे होते. "आता तुमचा झाला," ती म्हणाली. "नीट सांभाळा."

प्रेरणानं यादी पुढं ओढली. लुधियानावाल्याचं नाव खोडलं, सहावर काट मारून कडूबाच्या नावापुढं अठरा लिहिले, अक्षरी आणि अंकी. सही करायला पेन टेकवलं आणि थांबली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"याचा कोंडा?"

"तो तुमच्या हातानं आणलेला पायजे. मागल्या साली मीच आणला, तिथं चुकलं माझं."

"मी पाठवतो कुणाला तरी," अतुल कसाबसा म्हणाला.

"नको. स्टेशनरोडला पिठाची गिरणी आहे. मीच जाते..." प्रेरणानं जीभ चावली. "आणते मी."

गेटकडं जायचा रस्ता मैदानावरूनच होता. दिवसाउजेडी त्या वेळेला ती वर्षभर तिथं उतरली नव्हती. चपला काढून, देवळात शिरावं तशी ती आत शिरली. जाळी अजून जरा हलत होती. तिच्याखालचा चेंडू घरंगळत निघाला, लाकडी फरशीवरून सावकाश आला आणि तिच्या पायाशी थांबला.

ती वाकली. चेंडू उचलून फ्री थ्रोच्या रेघेवर नीट ठेवला, परत घरंगळणार नाही असा.

"गिरणीतून येते रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तोवर भावाकडं बघ."