करंजपाड्याच्या शाळेची प्रगती

पालघरच्या आढावा बैठकीत तलासरी तालुक्याचा आलेख पडद्यावर आला आणि विस्तार अधिकारी दीपेश सावे यांनी हातातला चहा खाली ठेवला. वाचन आणि गणितात मागे पडलेल्या शाळा लाल रंगात दाखवल्या होत्या, आणि पडदा बराचसा लालच होता. वरिष्ठांनी तिथल्या तिथे निर्णय दिला: प्रत्येक अधिकाऱ्याने एक लाल शाळा दत्तक घ्यायची आणि वर्षाअखेर हिरवी करून दाखवायची.

सावे घोलवडचे. घरची चिकूची वाडी भाऊ बघायचे, हे नोकरीत. पूर्वी शिक्षक होते, पण परीक्षा देऊन अधिकारी झाल्यापासून त्यांनी खडूला हात लावला नव्हता. शाळा निवडताना त्यांनी पुष्कळ विचार केला. झरी गावातल्या करंजपाड्याची शाळा त्यांना पसंत पडली, कारण ती लाल होती आणि गाडी थेट फाटकापर्यंत जात होती.

तो आलेख बनवला होता नविन धोडी सरांनी. कागदोपत्री नविन सर याच करंजपाड्याच्या शाळेत पहिली-दुसरीचे शिक्षक. कॉम्प्युटर चांगला येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांना तलासरीच्या कार्यालयात तात्पुरतं बोलावलं होतं. ते आल्यावर कार्यालयाला समजलं की त्यांच्याशिवाय कसलीच माहिती वर जात नाही, तेव्हा तात्पुरतं हे कायमचं झालं. स्वतःच्या शाळेला लाल रंग त्यांनीच दिला. शाळेवर जीव होता म्हणून जरा फिकट दिला होता. सावेंनी तो गडद करायला लावला.

दत्तक कार्यक्रमाला पाड्यातली सगळी माणसं जमली. आजपासून ही शाळा माझी मुलगी आहे, असं सावे म्हणाले आणि टाळ्या झाल्या. मग शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष बायजी उभी राहिली. बायजी दिवसभर घोलवडला चिकू पॅक करायला जायची, तिची नात लाडकी दुसरीत होती. तिने विचारलं, "नविन सर परत कधी येणार?"

सावे म्हणाले की ती प्रशासकीय बाब आहे, आपण गुणवत्तेवर बोलू.

गुणवत्तेचं काम लगेच सुरू झालं. भिंती रंगल्या, त्यांवर डॉल्फिन आणि सुविचार आले. शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका मयुरा मॅडम यांना लाल शाळांसाठीच्या खास प्रशिक्षणाला डहाणूला बोलावलं. त्या गेल्या की शाळा बंद राहायची. त्या परत आल्या की प्रशिक्षणाचा काय उपयोग झाला याची माहिती भरायच्या, तोवर मुलं डॉल्फिन बघत बसायची. लाडकीला अजून 'क' आणि 'फ' यांत फरक कळत नव्हता.

मॅडम तिसऱ्यांदा प्रशिक्षणाला गेल्या त्या सकाळी बायजीने कामाला दांडी मारली. तिने चार-पाच आयांना गोळा केलं, पहिली-दुसरीची सगळी पोरं जीपमध्ये कोंबली आणि सरळ तलासरीच्या कार्यालयात आणली. नविन सरांच्या टेबलासमोर व्हरांड्यात त्यांना रांगेत बसवलं. सावे बाहेर आले तेव्हा लाडकी शिपायाच्या स्टुलावर चढून बसली होती.

हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. हे कार्यालय आहे, इथे कामं असतात, हेही सांगितलं.

बायजीने आवाज चढवला नाही. "सर इथं आहेत, तर शाळा इथंच ना, साहेब?"

नविन सर खुर्चीतून उठले. त्यांनी सावेंकडे पाहिलं नाही. एक जुना आराखडा कोरी बाजू वर करून भिंतीला चिकटवला आणि त्यावर मोठ्ठा 'क' काढला.

त्या दिवसानंतर बायका रोज पोरं आणू लागल्या. सकाळी तलासरी नाक्यावरून मजुरीच्या गाड्या पकडायच्याच असत, जाताना पोरांना व्हरांड्यात सोडायचं आणि येताना न्यायचं. नविन सर अर्धा दिवस शिकवायचे आणि अर्धा दिवस आलेख करायचे. क्लार्कांनी कुरकुर केली, पण पुढे पुढे तेही येता-जाता पाढे विचारू लागले. सावेंनी बायजीला दोनदा समजावलं, एकदा धमकावलं. तिने दर वेळी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पोरं घेऊन आली. पावसाळा संपेपर्यंत लाडकी दारावरच्या पाट्या वाचू लागली. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' हे तिने अडखळत वाचलं आणि वाचत वाचतच आत गेली.

अशात एक दिवस पालघरहून वरिष्ठ साहेब न कळवता आले. व्हरांड्यात पोरं जोडाक्षरं म्हणत होती. साहेबांनी विचारलं की हा काय प्रकार आहे, आणि सावेंच्या तोंडून निघून गेलं, "सर, नवोपक्रम आहे. 'शाळा कार्यालयाच्या दारी.'"

साहेबांनी चार मुलांना वाचायला लावलं. मुलांनी वाचलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतः मुलांच्या मधोमध मांडी घालून फोटो काढून घेतला. आठवडाभरात करंजपाडा हिरवा झाला. सावेंना प्रशस्तिपत्र मिळालं. उपक्रम सगळ्या तालुक्यांत न्यायचा ठरला आणि त्याचं सादरीकरण, अहवाल, व्हिडिओ हे सगळं करायला जाणकार माणूस हवा म्हणून नविन सरांना पालघरला बोलावून घेतलं. तात्पुरतं.

जाताना नविन सर सावेंना एवढंच म्हणाले की मला शाळेवर पाठवलं असतं तर बरं झालं असतं. सावे म्हणाले की तुमच्या करिअरचा विचार करा.

व्हरांडा रिकामा झाला. मयुरा मॅडम पुन्हा पाच वर्गांना एकट्या. बायजी कार्यालयात आली तेव्हा सावेंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की तुमची शाळा आता प्रगत शाळांत आहे. प्रगत शाळेला जादा शिक्षक मागता येत नाही, पण ही अभिमानाची गोष्ट आहे. बायजी चहा पिऊन निघून गेली. या वेळी तिने मान हलवली नाही.

वर्षाअखेरच्या चाचणीला सावे स्वतः करंजपाड्याला गेले. सगळ्या शाळेत मिळून चारच मुलं होती. चौघांनीही धडाधड वाचलं, बेरजा केल्या. निकाल शंभर टक्के. बाकीची मुलं कुठे, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हद्दीपलीकडे गेली, सर. गुजरातच्या शाळेत. तिथे वर्गाला मास्तर आहे." मग हळूच म्हणाल्या, "मीही बदलीचा अर्ज दिलाय."

परतताना फाट्यावर बायजी लाडकीला घेऊन रिक्षाची वाट बघत उभी होती. लाडकीच्या अंगात वेगळाच गणवेश होता. सावेंनी गाडी थांबवली. मराठी शाळा सोडून मुलीला गुजरातीत टाकलंत, पुढे तिचं नुकसान होईल, असं ते मनापासून म्हणाले.

बायजीने विचारलं, "तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत?"

"डहाणूला. इंग्रजी माध्यमात."

"मंग तुम्हीपण आमच्यासारखंच केलं."

तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही. रिक्षा आली. लाडकीने चढताना रिक्षावर लिहिलेलं गुजराती नाव मोठ्याने वाचलं. सावेंना गुजराती येत होतं. तिने अचूक वाचलं होतं.

कार्यालयात पोचल्यावर त्यांनी निकाल वर पाठवला. पटसंख्या चार, प्रगती शंभर टक्के. पालघरहून नविन सरांचा फोन आला, आवाज थकलेला होता. वरिष्ठांना हा निकाल सादरीकरणात पहिल्या पानावर हवा होता आणि सोबत मुलांचा एक फोटो. सावेंनी गेल्या पावसाळ्यातला व्हरांड्याचा फोटो पाठवून दिला. त्यात पोरं जास्त दिसत होती.