जिभेखालचा दोरा

"सरळ वरचं दूध द्या. हिच्या अंगावर दूधच नाही, उगाच कशाला झुंजवताय लेकराला?" म्हातारी पलंगावरून म्हणाली, तशी नातसुनेच्या डोळ्यांतलं पाणी खळकन बाळाच्या कपाळावर पडलं.

बाळ छातीला तोंड लावायचं, चटचट आवाज करायचं, लगेच सुटायचं आणि पुन्हा टाहो फोडायचं. तिच्या छातीला चिरा पडल्या होत्या. बाळाचं वजन वाढायचं सोडून उतरत चाललं होतं.

दाराशी बाळाचा आजोबा उभा होता. सोफे-खुर्च्या मढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण चार शब्द बोलेल तर शपथ! लोक त्याला मुखदुर्बळ म्हणत. खरी गोष्ट अशी, की 'र' त्याच्या जिभेला वळतच नसे, त्याचा 'ल' व्हायचा. म्हणून 'र' असलेले शब्दच तो चुकवायचा. गिऱ्हाइकापुढं 'खुर्ची' म्हणायची वेळ आली, की 'बैठक' म्हणायचा. असं गाळून गाळून त्याचं बोलणं मूठभर उरलं होतं.

"दवाखान्यात जाऊ," तो आपल्या मुलाला, बाळाच्या बापाला, म्हणाला. "आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाला पाजताना नीट पाहिलं, धरायची पद्धत बदलून पाहिली. मग हातमोजा चढवून बाळाच्या जिभेखाली बोट घातलं.

"हे बघा. जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत चिकटलाय. जीभ पुढं येत नाही, म्हणून धरता येत नाही. तुम्हाला दूध भरपूर आहे हो, त्याला ओढता येत नाहीये. पडदा कापून जीभ मोकळी करू. क्षणाचं काम."

"शेजारच्या म्हणत होत्या, वरच्या ओठाचीही शीर कापतात," सून घाबरत म्हणाली.

"ती बहुतेक बाळांना असते. तिच्या वाटेला जायचं नाही."

मुलगा मात्र पांढराफटक पडला होता. "एवढ्याशा जिवाला कात्री? नको. अहो, आमच्या बाबांची जीभ अशीच आहे. थोडं बोबडं बोलतात, एवढंच. त्यांचं काय अडलं?"

सगळ्यांनी आजोबाकडं वळून पाहिलं. अशा वेळी मान हलवून मोकळं व्हायची त्याची सवय. मुलगाही खोटं बोलत नव्हता. बापाचं काही अडलेलं त्याला कधी दिसलंच नव्हतं. ते दिसू नये म्हणूनच तर बाप जन्मभर धडपडला होता.

"अडलं," तो म्हणाला.

"काय अडलं, बाबा?"

"वाचायला उभं कलायचे. सगळा वल्ग हसायचा. मी शाळा सोडली." त्याचे कान तापले. पण आता तो थांबला नाही. "तुझ्या आईला मी कधी नावानं हाक मालली नाही. तिच्या नावातच होता तो. शेवटच्या दिवशीसुद्धा 'अगं, अगं' कलत बसलो. तिचे डोळे मिटलेले. कोण कुणाला बोलावतंय, तिला कळलं की नाही, देव जाणे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशानं बोलणाल?"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांचंच बोलणं अडतं असं नाही. पुढच्या बोलण्यासाठी मी हे कापतही नाहीये. पण याचं दूध आज अडलंय."

मुलगा बापाकडं बघून म्हणाला, "करा."

कात्रीचा एक हलका आवाज, रक्ताचे दोन थेंब, एक किंकाळी. लगेच बाळाला छातीशी दिलं. ते दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा मात्र त्यानं धरलं. सून दचकली. मग घोट गिळल्याचा आवाज ऐकून हसता हसता रडायला लागली. जमायला अजून काही दिवस जातील, पुन्हा वजन करायला या, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पण तिचं लक्षच नव्हतं.

घरी आल्यावर आजोबा थेट म्हातारीच्या पलंगाशी गेला. "दूध होतं तिला, आई. लेकलाचीच जीभ बांधलेली होती. माझ्यासालखी."

म्हातारीनं मान वर केली. "तुझ्यासारखी?"

"हो."

"तुला बोळ्यानं पाजलं मी. सासूनं गल्लीभर सांगितलं, हिची छाती कोरडी. मलाही तेच खरं वाटलं." ती पलंगाच्या कडेला सरकली. "तुझ्या पाठचं मूल मी होऊ दिलं नाही. म्हटलं, आणखी एका जिवाला कशाला उपाशी मारायचं? म्हणजे मला... होतं?"

इतक्या वर्षांमागचं कोण सांगणार? "होतं," तो म्हणाला.

"आ कर बघू."

साठीचा आजोबा पलंगाशी गुडघे टेकून बसला. तिनं त्याची हनुवटी उजेडाकडं वळवली, डोळे बारीक केले. "दिसत नाही रे," म्हणत बोट त्याच्या जिभेखाली घातलं. ताणलेला दोरा बोटाला लागला. तिनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला, पुन्हा चाचपला. बोट मात्र बाहेर काढलं नाही.

त्याचा जबडा दुखू लागला, तरी त्यानं तोंड मिटलं नाही.