उजवा गुडघा

हरेश सरांनी टॅबलेट टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला आणि आलेखात खाली उतरत गेलेल्या रेघेवर अंगठा टेकवला.

"ही तुझी."

मृणालीने हेल्मेटचा पट्टा सोडला. रविवार असल्याने वळ गावच्या गोदामांचं आवार रिकामं होतं. त्या मोकळ्या डांबरावर ती चार वर्षं टँडेमचा सराव करत होती. दोघींची एक सायकल: पुढे हँडल धरणारी पायलट मृणाली, मागे धम्मदिना, जिला जन्मापासून दिसत नव्हतं. ट्रॅकवरच्या शर्यतींत दोघींचं नाव एकत्र लागे. गावात मात्र लोक मृणालीलाच म्हणत, "आंधल्या पोरीला फिरवतेस, पुन्य लागंल बाय तुला."

"चार महिने तुझा जोर घसरतोय," सर म्हणाले. कोण किती रेटतं ते पॅडलांतले मीटर वेगवेगळं नोंदवत. "आणि ही वर गेलेली, मागची. म्हणून वेळ तेवढीच राहिलीय. गुडघा ना?"

जानेवारीत सायकलवरून पडल्यापासून मृणालीने गुडघ्याचं दुखणं घरीही सांगितलं नव्हतं.

"तीन आठवड्यांवर निवड चाचणी. शिबिरातल्या त्या दिपालीला पुढे बसवू. पाय दणकट आहेत तिचे."

"सर," मागच्या सीटवर हात ठेवून उभी असलेली धम्मदिना म्हणाली, "घड्याळ सायकलला लावतात की पायाला?"

"अगं, तू ओढतेयस हिला."

"माहितीये. जानेवारीपासून."

मृणाली गर्रकन वळली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पॅडल एकाच साखळीला हाय आपलं. उजवा पाय तू नुसता ठेवतेस. चार महिने डबलसीट फिरवतेय तुला, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

मृणाली हातमोज्याची शिवण चिमटीत धरून उभी राहिली.

"शिबिरात दिपालीच्या मागे बसलेय मी," धम्मदिना सरांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली. "सरळ पट्ट्यात घोडा हाय नुसता. पण ट्रॅकच्या उभ्या वळणावर बिचकते. पॅडलवर कळतं. ही नाय बिचकत. जोर मी लावीन, सर. भीतीचं काय करू?"

सरांनी चष्मा पुसला. "आणि निवड समितीने हा आलेख मागितला तर?"

"मागेपर्यंत कशाला थांबायचं?" मृणाली म्हणाली. "आत्ताच पाठवा. मागची पुढचीला ओढते, असं लिहा खाली."

"जागा जाईल तुझी."

"गेली तर उठेन. लपून बसणार नाही."

तिने टॅबलेट स्वतःकडे ओढला, दोन ओळी लिहिल्या. सरांनी हात पुढे केला तोवर आलेख समितीकडे गेला होता.

दोघी सायकलवर बसल्या.

"शर्यतीला सुटताना दुखतो?" मागून प्रश्न आला.

"सुटतानाच जास्त."

"मग डाव्यानं सुटू."

"तीन आठवड्यांत पाय बदलणार? दोघीही?" सर ओरडलेच.

"सर, धरा," मृणाली म्हणाली आणि तिने डावं पॅडल पुढे आणलं.

सर बॉनेटजवळून पुढे आले. शर्यत सुटेपर्यंत सायकल धरतात तशी त्यांनी मागची सीट खालून दोन्ही हातांनी घट्ट पकडली.

"पाच," मृणालीने उलटं मोजायला सुरुवात केली.