मागची सीट

ताईच्या पत्राला पाच महिने उत्तर दिलेलं नव्हतं. ग्रंथपालांना ते पुन्हा आठवलं ते स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसताना. अकरा वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते.

“पाठ टेकून बसा, काका,” गॅरेजवाली पुढून म्हणाली. “ताई बसल्या होत्या तशा.”

“मी चालवतो ना. दणका कुठे बसतो, ते दाखवतो.”

“चालवणाऱ्याला काय कळतंय? तो बसतो दोन चाकांच्या मधे, आरामात. मागचा बसतो थेट चाकावर. ज्याला दुखतं त्याच्या जागी बसायचं, मग बोलायचं.”

ग्रंथपालांनी पाठ टेकली. वाद घालणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नोकरीत असताना उशिरा पुस्तक परत करणाऱ्याचीच ते माफी मागत.

गाडी गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकावरून गेली आणि माकडहाडापासून मानेपर्यंत कळ सरसरत गेली. मग एक खड्डा, मग गटाराचं झाकण. याच सीटवर बसवून त्यांनी ताईला इस्पितळातून तिच्या घरी नेलं होतं. दोन तासांचा रस्ता. मणक्याला तडा गेलेला, तो नुकता कुठे जुळत होता. ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि उतरताना म्हणाली, “छान चालवतोस रे.” त्यानंतर ती तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही, हे त्यांना भाच्याकडून कळलं.

आणि मग ते पत्र. ‘फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मणका भरला म्हणतात. चार दिवस तुझ्याकडे राहावंसं वाटतं. परक्याच्या गाडीत बसायचा धीर होत नाही. तू नेशील का?’

हो लिहावं तर तीच गाडी, तोच रस्ता. नाही लिहायला हात उचलत नव्हता. शेवटी काहीच लिहिलं गेलं नाही.

गॅरेजमध्ये परत आल्यावर तिने गाडी जॅकवर चढवली आणि मागच्या चाकाआड बॅटरीचा झोत टाकला.

“हे स्प्रिंग कोणी बसवले?”

“मीच. म्हणजे, बसवून घेतले. निवृत्तीनंतर शाळांना वाचायला पुस्तकांची खोकी पोचवत असतो. मागून गाडी फार दबायची.”

“तरीच! हे ओझ्याचे स्प्रिंग आहेत, काका. सहा खोकी असली तर गाडी गुणी. एकटं माणूस बसलं की दगड.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“मऊ स्प्रिंग बसवते,” ती म्हणाली. “शॉकही बदलू, गाडीचं डोलणं थांबवतात ते. याला ही कळ आहे बघा, फिरवली की टिक टिक करत कडक किंवा मऊ होतो. पण मग सहा खोकी विसरायची. फार तर दोन.”

एरवी छत्री घ्यायची तरी ते दोन दिवस विचार करत. आता म्हणाले, “बसवा. तीन खेपा घालीन.”

दोन दिवस बापलेकींनी काम केलं. म्हातारे वडील डाव्या बाजूला, ती उजव्या. ग्रंथपाल तोवर या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक वाचून, टिपणं काढून आले.

“कळ सगळ्यात मऊ ठेवा,” त्यांनी भीत भीत सुचवलं.

तिने तशी ठेवली. गाडी गतिरोधकावरून अलगद उतरली आणि डोलतच राहिली.

“मोजा, काका.”

“एक... दोन... तीन... जरा काच खाली कराल?”

“ताईंना गाडीतून आणायचंय की होडीतून?”

“पुस्तकात तर...”

“पुस्तक लिहिणारा मागे बसला होता का?”

खाली उतरून तिने दोन्हीकडची कळ चार टिक कडक केली. आता एकाच हेलकाव्यात गाडी स्थिर झाली. मात्र बारीकसारीक खड्ड्यांवर डावीकडून काहीतरी कमरेत टोचत होतं. की हे आपलं वयच? दोन दिवस बिचारे खपले. आता खोट काढायची?

“कसं वाटतंय?” तिने आरशातून विचारलं.

“छान.”

शब्द तोंडातून गेला आणि ग्रंथपाल दचकले. ताईसुद्धा हेच म्हणाली होती, याच सीटवरून.

“थांबा,” ते मोठ्याने म्हणाले. “छान नाही. टोचतंय. डाव्या बाजूला.”

तिने गाडी लगेच मागे वळवली. खाली सरपटत जाऊन पाहिलं आणि तिथूनच ओरडली, “बाबा! बोल्ट चाक लोंबकळत असतानाच आवळलेत ना?”

“चाळीस वर्षं असेच आवळतोय,” वडील स्टुलावरून म्हणाले.

“म्हणून तर तीच गिऱ्हाइकं चाळीस वर्षं परत येतायत!” ती बाहेर आली. “आतलं रबर पिळलेलं राहतं, काका, मग ते सारखं ओढत बसतं. गाडी आपल्या वजनावर उभी असताना आवळायला लागतं. बरं झालं बोललात. पुढे बसून मला नसतं कळलं.”

बोल्ट सैल झाले, गाडी जमिनीवर टेकली, आणि तिने ते पुन्हा आवळले.

या वेळी तिने मुद्दाम जुन्या दगडी रस्त्याने गाडी घातली. ग्रंथपालांनी जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं. त्यावर कोरा कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

‘ताई, चालत्या गाडीत, मागच्या सीटवर बसून हे लिहितो आहे. अक्षर बघ. रविवारी न्यायला येतो. उशीर झाला. वाटेत दुखलं तर मात्र ‘छान’ म्हणायचं नाही, थांब म्हणायचं.’

‘थांब’ लिहिताना एक खड्डा आला आणि काना जरा लांबला. त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी तिला गाडी उभी करायला सांगितली. पाकीट, तिकीट कधीचं खिशात होतं. पाच महिन्यांत कडा मऊ पडल्या होत्या. पत्र आत टाकल्यावर ते क्षणभर कान देऊन उभे राहिले. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला टेकल्याचा आवाज त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.