मेथीबंदी

पारमी सहा दिवसांची असताना तिच्या लंगोटाला मेथीच्या लाडवांचा वास यायला लागला आणि माझ्या सासूबाईंनी त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. लातूरहून त्या डबाभर लाडू घेऊन आल्या होत्या. बाळंतिणीने खाल्ले, दुधातून लेकराच्या अंगी लागले, असं त्यांचं म्हणणं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी लंगोट हुंगायला दिला. लोकांनी कौतुकाने हुंगला. दोन दिवसांनी पारमी दूध पिईना, अंग ढिलं पडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनीही हुंगला, पण कौतुक केलं नाही.

आजाराचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज. मेपल सिरप, म्हणजे परदेशातल्या एका झाडाचा गोड पाक, आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. प्रोटीनमधले काही घटक हिला पचवता येत नाहीत. ते रक्तात साठले की मेंदूला इजा होते आणि अंगाला असा गोडूस, मेथीसारखा वास येतो. साध्या तापातही ते झपाट्याने वाढतात. वेगळं दूध मोजून द्यायचं, आणि वास आला की धावत यायचं. मी एमएस्सी केमिस्ट्री. मला एवढं कळलं, की घरात खरी मेथी असली तर मला काहीच कळणार नाही.

म्हणून मेथीबंदी झाली. लाडू गेले, कसुरी मेथी गेली, लोणच्याचा मसाला गेला. शेजारच्या हंसाबेनना मी काही बोलले नव्हते, पण आमची भिंत एकच. त्यांनी आपणहून मेथीचे थेपले बंद केले. चार वर्षं त्यांचे मिस्टर दुधीच्या थेपल्यांवर राहिले. लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे.

मी पारमीला दिवसातून तीसेक वेळा हुंगायचे. डोकं, कान, मान, चड्डी. एकदा वास आला म्हणून रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं, तर रक्त ठीक निघालं. वास धम्मपालच्या शर्टाला होता. माझ्या या नवऱ्याने ऑफिसात कुणाच्या तरी डब्यातली मेथीची भाजी खाल्ली होती. पुढचा आठवडाभर तो दाराबाहेर शर्ट काढून घरात येत होता.

पारमीला हा सगळा खेळच वाटायचा. कुणी आलं की डोकं पुढे करून म्हणायची, घे वास. मग समोरच्याचा घ्यायची आणि निकाल लावायची. कुरिअरवाला पास. लिफ्ट नापास. सोसायटीचे सेक्रेटरी वॉल्टर अंकल दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा अत्तर लावून आले. तरी नापास.

साडेचार वर्षांची होती. साधा ताप आला आणि तीन दिवसांत गेली. त्या तीन दिवसांतला वास माझ्या ओढणीत राहिला होता. ओढणी मी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली. दोन महिन्यांनी उघडली, तर तिला फक्त प्लास्टिकचा वास.

मेथीबंदी कुणी उठवायची, हे मात्र कुणालाच कळेना. मी बोलले नाही, हंसाबेननी विचारलं नाही. दुधी चालूच राहिला.

गेल्या शनिवारी दुपारी कपडे वाळत घालत होते आणि वास आला. मी थांबलेच नाही. तिची हॉस्पिटलची फाईल घेतली, पर्स घेतली, पायात चप्पल सरकवली आणि पारमीला उचलायला आतल्या खोलीत गेले. पलंगावर इस्त्रीचे कपडे होते.

फाईल हातातच होती. वास येतच होता.

बाहेर आले. हंसाबेनच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. बेल वाजवली तशी आत पळापळ झाली, आणि मग दार बोटभर उघडलं.

"कुछ नहीं, अगरबत्ती है," हंसाबेन म्हणाल्या. त्यांच्या गालाला पीठ होतं.

मी दार ढकललं. डायनिंग टेबलाशी धम्मपाल बसलेला, दोन्ही गाल फुगलेले. तो केवायसी करायला बँकेत गेला होता. सलग तिसऱ्या शनिवारी त्याचं केवायसी होत नव्हतं. हंसाबेनचे मिस्टर त्याच्या मागे लपू बघत होते, पण ते त्याच्या दुप्पट आहेत.

धम्मपालने घास गिळला. "खायला नाही येत गं," तो म्हणाला. "वास घ्यायला येतो. तिचा येतो."

ताटातला कैरीचा गोड छुंदा चाटूनपुसून साफ होता. वास घेताना छुंदा कसा संपतो, हे मला विचारायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"तीन शनिवार? एकट्यानेच?"

त्याने बाजूची खुर्ची ओढली. मी बसले, फाईल मांडीवर. हंसाबेननी तव्यावरचा थेपला उतरवून माझ्या हातात दिला आणि लाटणं धरून समोर उभ्या राहिल्या, निकालाला थांबल्यासारख्या. मी तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. चटका बसायला लागला तरी धरला.

"नापास," मी म्हणाले. "गूळ कमी आहे. तिच्यात जास्त होता."

हंसाबेननी डोळे पुसले, त्यामुळे पीठ कपाळापर्यंत गेलं. मग गुळाचा डबा काढला आणि नवीन कणीक भिजवायला घेतली. मिस्टर लगबगीने पुढे आले. नापास झालेले आपण संपवतो, म्हणाले.