आठ किलो तीनशे

बाइंडरकाकांनी नातीला आठ महिन्यांत एकदाही उचललं नव्हतं. कुणी मांडीवर आणून दिली तर तिला अर्धा अर्धा तास खेळवत. पण जमिनीवरून उचलायची वेळ आली की नेमकी त्यांना पुस्तकबांधणीची खळ ढवळायची आठवण व्हायची. लेक तोंडावर काही बोलत नसे. एकदा मात्र ती नवऱ्याला फोनवर सांगत होती ते काकांच्या कानावर पडलं. "बाबांना तिचं फारसं कौतुक नाहीच. मी कामावर रुजू झाले की पाळणाघरच बघू या."

पण खरं कारण सांगायचं म्हणजे भीती कबूल करायची. दोन वर्षांपूर्वी कागदाचा गठ्ठा उचलताना त्यांची कंबर धरली होती, आणि ते दुकानाच्या फरशीवर तासभर उताणे पडून छताकडे बघत राहिले होते. तेव्हा हातातून कागद पडले. उद्या हातात पोर असली तर?

म्हणून एका सकाळी, लेकीला पत्ता न लागू देता, ते फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन बसले.

"काय दुखतंय, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या त्यांच्या लेकीच्याच वयाच्या होत्या.

"काही नाही."

"मग?"

"दुखू नये म्हणून आलोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दहा वर्षांत असा पेशंट पहिलाच! थांबा, आधी तुम्हाला नीट बघून घेते."

त्यांनी एक खोकं जमिनीवर ठेवून उचलायला सांगितलं. काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं उचललं: गुडघे ताठ, कंबरेत वाकून, हात लांब.

"अहो, अहो, ठेवा ते! आधी त्याच्या जवळ जा. पाय फाकवा, गुडघे वाकवा, खोकं छातीशी घ्या. मग पायांच्या जोरावर उठा. कंबरेला हमाल करू नका. आणि श्वास का रोखलाय?"

"रोखलाय?"

काकांना घरी परतताना रस्त्यात उलगडा झाला. पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उमटवायची, तर वर्ख इतका पातळ की नुसत्या फुंकरीनं उडावा. महत्त्वाचं काम हातात आलं की त्यांचा श्वास आपोआप बंद पडे. यावर बाईंनी निघतानाच सोपा उपाय सांगितला होता: उचलताना मोठ्यानं आकडे म्हणा, बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही.

मग सुरू झालं. दर अर्ध्या तासाला स्टुलावरून उठायचं, चार पावलं चालायचं. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठबस करायची. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून जुन्या शब्दकोशाचे खंड दुपट्यात गुंडाळायचे, काट्यावर तोलायचे आणि उचलायचे. पहिल्या आठवड्यात तीन किलो, मग चार. घाई करायची नाही, ही बाईंची तंबी होती. लेकीनं सहज फोनवर सांगितलं, "आज लस टोचून आणली. वजन आठ किलो तीनशे," तेव्हा काकांनी तो आकडा चिठ्ठीवर उतरवून घेतला. तिथवर पोचायला आणखी पाच आठवडे गेले. शेवटी एक पातळसा कवितासंग्रह घातला तेव्हा काटा जुळला.

लेक पाळणाघराचा फॉर्म घेऊन आली ती नेमकी त्याच वेळी. शटरखालून वाकून, पोरीला कडेवर सांभाळत आत शिरली, तर वडील गठ्ठा छातीशी धरून म्हणताहेत, "एक... दोन..."

"बाबा! कंबर मोडून घ्यायचीय का? आणि हे दुपट्यात काय?"

काका चोरी पकडली गेल्यासारखे उभे. लेकीनं गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे तर हिचं वजन."

"गेल्या महिन्याचं," काका पुटपुटले. "म्हटलं, आधी पुस्तकांवर शिकावं. पडली तरी पुन्हा बांधता येतात."

लेकीनं पोरीला चटईवर बसवलं आणि स्वतः बाजूला झाली. "घ्या."

काका जवळ गेले. पाय फाकवले, गुडघे वाकवले, दोन्ही हात तिच्या काखेत घातले. आणि श्वास बंद. जणू समोर वर्ख ठेवलाय. लेकीसमोर मोठ्यानं आकडे म्हणायची त्यांना इतकी लाज वाटली की ते तसेच ओणवे राहिले. नात मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"एक," काका तिलाच म्हणाले.

तिनं बोळकं पसरून हुंकार भरला.

"दोन."

तीन म्हणेपर्यंत ती त्यांच्या छातीशी होती आणि चष्मा तिच्या मुठीत.

"लागलं का कुठे?" लेकीनं विचारलं.

"छे. पुस्तकांपेक्षा हलकी आहे गं ही."

"काहीतरीच! उलट थोडी वाढलीच असेल."

"असेल. पण पुस्तकं काही आपल्याला धरत नाहीत."

लेकीनं फॉर्मची घडी केली आणि पर्समध्ये खाली सारली. "सोमवारी किती वाजता आणू? आठला?"

"साडेआठला आण. आठला माझे व्यायाम असतात." काका नातीला हळूच दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाले, "आणि पुढचं वजन कधी करणार?"

"का हो?"

"त्याआधी एक पुस्तक वाढवून ठेवतो."