बुधवारची पेटी

“किती झाल्या ह्या आठवड्यात?” भिंगाची काच पुसत सिस्टरांनी विचारलं.

“अकरा,” मी म्हणाले.

टेबलावर अकराच चिठ्ठ्या होत्या. बारावी माझ्या एप्रनच्या खिशात होती आणि खिशावर माझा हात होता.

आमच्या शाळेत बुधवार म्हणजे पेटीचा दिवस. चॅपलच्या दाराशी भिंतीला एक लाकडी पेटी ठोकलेली आहे, वर चिठ्ठी जाईल एवढी फट. ज्याला देवाकडे जे मागायचं ते त्यानं कागदावर लिहून आत टाकायचं, नाव घालायची सक्ती नाही. बुधवारी शेवटची घंटा झाली की मी कुलूप काढते, चिठ्ठ्या सिस्टरांच्या टेबलावर ओतते, आणि त्या भिंग लावून एकेक वाचतात. गुरुवारी त्या शाळेच्या पत्रकात छापल्या जातात. कुठला वर्ग सामना जिंकला, कोणाची छत्री सापडली, कोणत्या बाईंना मुलगा झाला, हे सगळं वर, आणि शेवटच्या कोपऱ्यात ‘प्रार्थनेसाठी’. शुक्रवारी पत्रक वाटलं जातं, आणि चॅपलमध्ये एखादी मोठी मुलगी तो कोपरा वाचून दाखवते. प्रत्येक ओळीनंतर सगळी शाळा म्हणते, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’

आलेली एकही चिठ्ठी टाकायची नाही, असा सिस्टरांचा नियम. त्यामुळे आमच्या पत्रकात कोणाच्या आजारी आजोबांच्या खाली कोणाचा तरी लंगडा कुत्रा असतो. एकदा एकानं लिहिलं होतं, ‘गणिताच्या सरांचा बसलेला घसा आणखी दोन दिवस बसलेला राहू दे.’ तेही छापलं. सर पहिल्या बाकापाशी उभे होते. तेसुद्धा सगळ्यांबरोबर ‘ऐक’ म्हणाले, खरखरत्या आवाजात.

पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. एक तर सिस्टरांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, आणि दुसरं म्हणजे मला वाचता येत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. येतं. तिसरीपर्यंत शिकलेय मी. अक्षराला अक्षर लावत जाते, उशिरा का होईना पोचते. पण कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही. निदान स्वतःबद्दल.

दुसऱ्यांबद्दलची गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं ह्या शाळेची घंटा मी देतेय. पोरांची नाकं पुसलीत, आता त्यांच्या पोरांची पुसतेय. कोणत्या बाईंच्या घरी काय शिजतं आणि काय करपतं, ते पत्रकाच्या आधी मला कळतं. भूगोलाच्या बाईंचा नवरा घर सोडून गेला तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, फिरतीवर आहेत. दोन वर्षं दर सोमवारी मी त्यांना जिन्यात गाठून विचारायची, “काय बाई, साहेब आले का फिरतीवरून?” त्या म्हणायच्या, “येतील.” आणि मी पुढे जाऊन चहाच्या खोलीत त्यांच्या ‘येतील’ची नक्कल करायची. चांगली जमायची मला.

तर ती बारावी चिठ्ठी. उघडायच्या आधीच मी ओळखली, कारण कागद माझ्या स्वयंपाकघरातला होता. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं कापून मी सामानाच्या यादीसाठी खिळ्याला लावून ठेवते. मागे अर्धवट छापलेला सात आकडा आणि पुढे आमच्या भिंगरीचं अक्षर. भिंगरी माझी नात, चौथीत आहे, ह्याच शाळेत. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी.

‘माझे बाबा घरी यावेत. आजी सांगते ते मोठ्या कामावर गेलेत. पण त्यांचे कामाचे बूट घरीच आहेत.’

घरी जाताना मी ती चिठ्ठी दुमडून दुमडून नखाएवढी केली.

खरं आहे ते. बूट दाराशीच आहेत. मुलगा चपलांवर गेला. कारखान्यानं घरी बसवल्यापासून सात महिने तो घरात होता. सकाळी बाहेर जाऊन काम शोधायचा, दुपारी येऊन गप्प बसायचा. सूनबाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाते, मी शाळेत, घर चालत होतं. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. मग एका संध्याकाळी तो दुसऱ्यांदा भात मागत होता आणि मी म्हणाले, “घाल बाई त्याला. दोन बायकांच्या जिवावर पोट चांगलं सुटतं.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानं भात खाल्ला नाही. ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, पालथं घातलं, आणि गेला. ताट घासून गेला, हे मला जास्त लागतं. शिव्या देऊन गेला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्याला आता पाच महिने झाले. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत सांगितलं, आमच्याला बाहेरगावी मोठं काम लागलंय. झाकली मूठ. सूनबाई काही बोलली नाही. भिंगरीलाही मी तेच सांगितलं.

त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी फाटकाशी उभी होते. भिंगरी पत्रक उघडतच आली. छत्री, सामना, बाळ, सगळं सोडून तिचं बोट सरळ शेवटच्या कोपऱ्यात गेलं आणि ओळीओळीनं खाली उतरलं. मग तिनं पत्रक घडी करून दप्तरात ठेवलं. घरापर्यंत एक शब्द नाही. ही पोर, जी झोपेतसुद्धा बोलते.

पुढच्या बुधवारी पुन्हा कॅलेंडरचा कागद, तोच मजकूर. सिस्टर खिडकी लावायला उठल्या तेवढ्यात मी ती उचलली.

“नऊ,” मी म्हणाले.

शुक्रवारी पुन्हा बोट कोपऱ्यातून खाली उतरलं. संध्याकाळी ती टेबलाशी गृहपाठ करत होती, मी शेजारी भाजी निवडत होते.

“आजी, त्या पेटीला मागून भोक आहे का?”

“कोणत्या पेटीला?”

“प्रार्थनेच्या.”

“काही भोकबिक नाही. चांगली दणकट पेटी आहे.”

“मग चिठ्ठी हरवते का कधी?”

“किल्ली माझ्याकडे असते. माझ्या हातून काही हरवत नाही.” आणि विषय बदलावा म्हणून मी तिची वही ओढली. “हे काय काढलंयस? कावळा चालून गेलाय का पानावरून? असं अक्षर वाचायला देवालासुद्धा चष्मा लागेल.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं वही परत घेतली आणि स्वतःच्या अक्षराकडे बघत बसली.

तिसऱ्या बुधवारी मी जिन्यातच चिठ्ठ्या चाळल्या. कॅलेंडरचा कागद नव्हता. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. मग एक पांढरा कागद दिसला, चित्रकलेच्या वहीतला. पट्टीनं आखलेल्या ओळी, पेन्सिलनं लिहून वरून शाईनं गिरवलेलं. एकेक अक्षर असं उभं, की मलासुद्धा न अडखळता वाचता आलं.

‘माझे बाबा घरी यावेत. माझं अक्षर वाईट आहे म्हणून तुम्ही छापत नाही, म्हणून मी नीट काढलं आहे. ही तिसरी वेळ आहे. आता तरी वाचता येईल.’

मी पायरीवर बसले. एकतीस वर्षांत त्या जिन्यात मी कधी बसले नव्हते. बसलेल्यांना उठवायचं काम माझं.

एकच जीभ. तिनं बापाला ताटावरून उठवलं, आणि तिनंच पोरीला पटवलं की देव आपलं ऐकत नाही कारण आपलं अक्षर चांगलं नाही.

वर गेले. चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. मग पांढरा कागद वेगळा ठेवला आणि त्याच्यावर खिशातल्या दोन चुरगळलेल्या चिठ्ठ्या.

“ह्या मागच्या आठवड्यांच्या,” मी म्हणाले. “माझ्याकडे राहिल्या.”

“राहिल्या?”

“ठेवल्या.”

सिस्टरांनी घड्या उलगडल्या, तळहातानं सपाट केल्या, भिंग लावून तिन्ही वाचल्या. वेळ घेतला. मग म्हणाल्या, “मावशी, तुम्ही ह्या वाचल्यात.”

“सावकाश वाचते. पण वाचते.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता किल्ली मागतील. एप्रनच्या खिशातून काढून मी टेबलावर ठेवलीसुद्धा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“छापायचं का हे?” त्या म्हणाल्या. “मूल लहान आहे. वर्गातली मुलं ओळखतील.”

“मुलीचं नका छापू. माझं छापा. लिहा, ‘घंटेवाल्या मावशींचा मुलगा घरातून निघून गेला आहे, तो परत यावा.’”

“एवढं स्पष्ट? लोक बोलतील हो.”

“बोलू देत की. एकतीस वर्षं मीच बोलतेय. जरा त्यांनाही बोलू द्या.”

सिस्टरांनी लिहून घेतलं. किल्ली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “पुढच्या बुधवारी मोजून आणा. सगळ्या.”

घरी सूनबाई नुकतीच आली होती. तिच्या अंगाला दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास असतो. मी तिला उभ्याउभ्याच सांगितलं.

“आधी विचारायचं होतंत, आई.”

“विचारतेय की. छापतात उद्या. तू नाही म्हणालीस तर सकाळी जाऊन खोडून येते.”

ती खुर्चीत बसली, पाय चोळत राहिली. “शेजारी, कामावर, माझ्या आईपाशीसुद्धा तुमच्या त्या मोठ्या कामाला मी हो म्हटलंय. पाच महिने. हल्ली मलाच वाटायला लागलंय की त्याला काम लागलंय आणि तो मला पत्र पाठवत नाही.”

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“छापू दे,” ती म्हणाली. “आणि तो आलाच तर? काय म्हणाल त्याला?”

“काही नाही. जेवायला वाढीन.”

“काही नाही? तुम्ही?”

आणि ती हसली. थकलेली होती, पण हसली. मी रागावले नाही. मोरीवर जाऊन तांदूळ धुतले.

शुक्रवारी चॅपलमध्ये मी नेहमीसारखी मागच्या दाराशी उभी होते, हातात घंटा. दहावीतली एक उंच मुलगी वाचत होती. एका सहावीतल्या मुलाच्या आईचं ऑपरेशन. पावसात भिजलेली मांजर. मग ती थांबली, ओळ पुन्हा मनात वाचली असावी, आणि म्हणाली, “घंटेवाल्या मावशींचा मुलगा घरातून निघून गेला आहे, तो परत यावा.”

पाचशे पोरं एका आवाजात म्हणाली, ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ ह्याच पोरांना मी रोज गप्प करते. तिसऱ्या रांगेत भिंगरी वळली आणि मला शोधू लागली. मी खांबाआड गेले नाही. तिला मी दिसले, तेव्हा ती पुढे वळून नीट बसली. वाचन संपलं. घंटा मी वेळेवर दिली.

दिवसभर कोणी काही बोललं नाही. ते जास्त अवघड. चहाच्या खोलीत मी गेले की कप वाजायचे थांबायचे. सोमवारी जिन्यात भूगोलाच्या बाई समोरून आल्या. मी कडेला सरले. म्हटलं, दोन वर्षांचं उधार आहे, घे आता.

त्या माझ्यापाशी थांबल्या. “शुक्रवारी मी मोठ्यानं म्हटलं, मावशी. ऐकू आलं का?”

“आलं,” मी म्हणाले. आलं नव्हतं. पाचशेत एक आवाज कुठून कळणार? पण म्हणाले.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मुलगा आलेला नाही. बूट दाराशीच आहेत. भिंगरीनं विचारलं, “आता किती दिवस लागतील?” मी म्हणाले, “मला माहीत नाही.” हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. तिनं ते मोठ्या कामापेक्षा लवकर मानलं.

आणि मग बुधवार आला. शेवटची घंटा देऊन मी पेटीचं कुलूप काढलं, तर चिठ्ठ्या दाराशीच अडकून बसलेल्या. बोटं घालून ओढाव्या लागल्या. एप्रनची ओटी करून वर नेल्या आणि टेबलावर ओतल्या. सिस्टर भिंग शोधत होत्या. मी थांबले नाही, एकेक उलगडून वाचत गेले, अक्षराला अक्षर लावत. ‘मावशींचा मुलगा.’ ‘मावशींचा मुलगा लवकर.’ ‘घंटेवाल्या आजींसाठी.’ एकावर नुसतंच घर काढलं होतं आणि त्याच्या दाराशी एक माणूस.

“किती?” सिस्टरांनी विचारलं.

“बेचाळीस.”

त्यांनी मान वर केली. मी पुन्हा मोजल्या, एकेक बाजूला सरकवत. बेचाळीसच.

शेवटची हातात राहिली होती. पहिली-दुसरीतल्या कोणाचं तरी काम असणार. काने लांब, वेलांट्या उलट्या, शेवटचा शब्द कागदाबाहेर पडलेला. मी ती दिव्याजवळ धरून मोठ्यानं वाचली. “‘मावशींचा मुलगा घरी येऊ दे, म्हणजे त्या आमच्यावर ओरडणार नाहीत.’”

सिस्टर ओशाळल्या. भिंगाशी चाळा करत म्हणाल्या, “लहान आहेत हो पोरं. ही ठेवू का बाजूला?”

“नाही. नियम तुमचा आहे.” मी चिठ्ठी बाकीच्यांच्या वर ठेवली. “छापा जशीच्या तशी. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.”